एक मैलाचे वर्तुळ

भूगोलाच्या तासाला वापरायचा एक साधा नकाशा घ्या. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर, १:५०,००० या प्रमाणात, दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. आपल्या गावच्या प्राथमिक शाळेवर कंपासचे टोक ठेवा, दोन सेंटिमीटरची त्रिज्या घ्या आणि वर्तुळ काढा. या वर्तुळाच्या आत राहणाऱ्या प्रत्येक सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला 'शाळा उपलब्ध आहे' असे आपली कागदपत्रे मानतात.

हे वर्तुळ आले कुठून? ते एवढेच का, मोठे किंवा लहान का नाही? आणि आज पट कमी झालेल्या शाळा एकत्र करण्याच्या योजना निघतात, तेव्हा या वर्तुळाचे नेमके काय होते? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आम्ही वर्धा जिल्हा निवडला. १९३७ ची शिक्षण परिषद येथे भरली, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण कमी परिचित आहे. खेड्यातली शाळा कोणी चालवावी, जिल्ह्याने, तहसिलीने की गावाने, या प्रश्नाची तिन्ही उत्तरे या जिल्ह्याने एका शतकाच्या आत पाहिली आहेत.

कौन्सिलची शाळा

वर्धा हा जिल्हा म्हणून तसा तरुण. १८६२ साली तो नागपूर जिल्ह्यापासून वेगळा झाला. मुख्य ठाणे आधी पुलगावजवळ कवठ्याला होते. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर आखले गेले. कापूस आणि रेल्वे यांमुळे ते वाढले. १८८३ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने मध्यप्रांतात जिल्ह्यासाठी डिस्ट्रिक्ट कौन्सिल आणि तिच्या हाताखाली तहसिलीसाठी लोकल बोर्ड अशी रचना आली. खेड्यातल्या प्राथमिक शाळांची जबाबदारी या संस्थांकडे होती. उत्पन्न तुटपुंजे, त्यामुळे मोठ्या गावी शाळा निघे आणि लहान गाव वाट पाहत राही. शाळा कुठे असावी याचा आराखडा असा नव्हता. जिथे मागणी करणारा कोणी वजनदार माणूस असेल, इमारतीला जागा मिळेल आणि शिक्षक राहायला तयार होईल, तिथे शाळा उभी राही.

१९३७ साली प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि शाळांच्या प्रश्नाला एकदम गती मिळाली. त्याच वर्षी २२ व २३ ऑक्टोबरला वर्ध्याला मारवाडी विद्यालयात शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष महात्मा गांधी. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि त्याच्या केंद्रस्थानी उत्पादक हस्तोद्योग, असे ठराव झाले. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने डिसेंबरमध्ये आपला अहवाल दिला. या अहवालातील सूतकताई आणि स्वावलंबन यांवर पुष्कळ चर्चा झाली आहे. आम्हांला येथे त्यातले वेळापत्रक महत्त्वाचे वाटते. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यात मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे, मातृभाषेला ४० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणिताला मिळून ४० मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला ३० मिनिटे, शारीरिक शिक्षणाला १० मिनिटे आणि मधली सुट्टी १० मिनिटे. एका शिक्षकाकडे तीसहून अधिक मुले नकोत, असाही आग्रह होता. गावातला सुतार, शेत, विहीर, कापूस हीच शाळेची साधनसामग्री असल्याने शाळा गावातच असणे ही या योजनेची पहिली अट होती. मूल गावाबाहेर नेले की साधनसामग्रीच मागे राहते.

पण प्रत्येक गावाला शाळा द्यायची तर पैसा कुठला? प्रांताचे तेव्हाचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी यावर 'विद्यामंदिर' योजना मांडली. ज्या गावात शाळा नाही आणि शाळेत जाण्याच्या वयाची सुमारे चाळीस मुले-मुली मिळतील, तेथे विद्यामंदिर काढायचे. एका गावात एवढी मुले नसतील तर एक मैलाच्या टापूतील गावांचा गट करायचा. शाळेला दान म्हणून जमीन मिळवायची आणि तिच्या वर्षाला सुमारे दोनशे रुपयांच्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार निघावा, अशी कल्पना होती. वर्ध्याला या शाळांसाठी शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यालयही १९३८ च्या एप्रिलमध्ये सुरू झाले. योजनेच्या नावावरून वाद झाला, पावसावर अवलंबून असलेल्या जमिनीचे उत्पन्न दरसाल सारखे येणे शक्य नव्हते, आणि १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर तिचा जोर ओसरला.

योजना ओसरली, तरी तिच्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. चाळीस मुले आणि एक मैल. खेड्यातली शाळा कुठे असावी हे आता माणसाच्या वजनावर न ठरता दोन आकड्यांवर ठरणार होते. पुढे आकडे बदलत गेले, पण पद्धत तीच राहिली.

तहसील की जिल्हा?

स्वातंत्र्यानंतर मध्यप्रांत व वऱ्हाडात एक धाडसी प्रयोग झाला. द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने १९४८ चा स्थानिक शासन कायदा आला. डिस्ट्रिक्ट कौन्सिल व लोकल बोर्डे मोडून प्रत्येक तहसिलीसाठी एक 'जनपद सभा' स्थापन झाली. वर्धा जिल्ह्यात तेव्हा वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट अशा तीनच तहसिली होत्या, म्हणजे तीन जनपदे. खेड्यांतील प्राथमिक शिक्षण जनपदांकडे आले. यामागची कल्पना अशी की, कारभार लोकांच्या जवळ असावा. आष्टीच्या डोंगराकडच्या खेड्यातील माणसाला शाळेचे गाऱ्हाणे घेऊन वर्ध्यापर्यंत न जाता आर्वीला जाता यावे.

जवळीक मिळाली, पण जनपदे आर्थिक दृष्ट्या दुबळी होती. तीन तहसिलींत तीन वेगळे कारभार, उत्पन्नाची साधने मर्यादित. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि राज्याच्या तीन भागांत स्थानिक कारभाराच्या तीन वेगळ्या पद्धती असल्याचे समोर आले. केंद्रात बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये विकासगट हा कारभाराचा मुख्य घटक मानला होता. महाराष्ट्राने नेमलेल्या वसंतराव नाईक समितीने १९६१ मध्ये वेगळे मत दिले. पुरेसा पैसा, पुरेसे तज्ज्ञ कर्मचारी आणि नियोजन यांसाठी जिल्हा हाच योग्य घटक आहे, असे तिने म्हटले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, जनपदे संपली आणि वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांच्या शाळा एका छत्राखाली आल्या.

हे एकत्रीकरण कारभाराचे होते, शाळांचे नव्हते. शिक्षकांची बदली, पगार, तपासणी, इमारतींचा निधी हे सर्व एका जागी आले. मुलाची शाळा मात्र गावातच राहिली. उलट पुढच्या काळात शाळांची संख्या वाढत गेली. कारभार एकत्र करणे आणि शाळा एकत्र करणे यांतला हा फरक वाचकांनी मनात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग आहे.

वर्तुळाचे गणित

शाळांची संख्या वाढवायची तर कुठे वाढवायची, हे ठरवण्यासाठी १९५७ मध्ये देशभर पहिले अखिल भारतीय शैक्षणिक सर्वेक्षण झाले. त्याने महसुली गाव न धरता 'वस्ती' हा मोजणीचा घटक धरला. एका महसुली गावात टोला, पोड, तांडा अशा अनेक वस्त्या असू शकतात, आणि मूल वस्तीतून चालत येते. कोणत्या वस्तीला स्वतंत्र शाळा, कुठे दोन-तीन वस्त्यांसाठी मिळून गटशाळा आणि जिथे तेही शक्य नाही तिथे फिरता शिक्षक, असे नियोजन करायचे होते. कोठारी आयोगानेही १९६६ च्या अहवालात कनिष्ठ प्राथमिक शाळेसाठी घरापासून सुमारे एक मैल आणि वरिष्ठ प्राथमिकसाठी तीन मैलांपर्यंत अंतर सुचवले. पुढे मैल जाऊन किलोमीटर आला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखालच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर आहे.

आता थोडे गणित करू. वर्धा जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ६,३०९ चौरस किलोमीटर. एक किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ३.१४ चौ. कि.मी. भागाकार केला तर सुमारे २,००९ वर्तुळे येतात. पण वर्तुळे एकमेकांना चिकटवली तर मध्ये फटी राहतात. त्या बुजवायच्या तर वर्तुळे एकमेकांवर चढवावी लागतात. तेव्हा वर्तुळाच्या आत बसणारा षटकोन घ्यावा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २.६ चौ. कि.मी. म्हणजे जिल्ह्याचा एकही कोपरा शाळेपासून एक किलोमीटरहून दूर राहू नये असे ठरवले तर सुमारे २,४०० जागा लागतील. हेच अंतर एक मैल केले तर सुमारे ९४० आणि तीन किलोमीटर केले तर सुमारे २७० पुरतील. अर्थात शेतात आणि जंगलात कोणी शाळा काढत नाही, लोक वस्त्यांत राहतात. हे आकडे केवळ प्रमाण कळावे म्हणून.

यातून नियोजकाला होणारा मोह आपल्या ध्यानात येईल. त्रिज्या तिप्पट केली की शाळा नवव्या हिश्श्यावर येतात. खर्च झपाट्याने उतरतो, कारण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पण मुलाचे चालणेही तिप्पट होते. वस्ती सगळीकडे सारखी पसरली आहे असे धरले, तर वर्तुळातील मुलांचे शाळेपासूनचे सरासरी अंतर त्रिज्येच्या दोन-तृतीयांश येते. सरासरी निम्मी का नाही, असे विद्यार्थी विचारतील. त्यांना वर्तुळात निम्म्या त्रिज्येचे आतले वर्तुळ काढायला सांगावे. आतल्या वर्तुळात एकूण क्षेत्राचा चौथा भागच असतो. तीन भाग बाहेरच्या कड्यात असतात. म्हणजे बहुतेक मुले लांबचीच असतात.

आणखी एक अडचण. कंपास नाला ओळखत नाही. समजा, वस्ती आणि शाळा यांत सरळ अंतर ८०० मीटर आहे, बरोबर मध्यावर नाला आहे आणि पूल वरच्या अंगाला एक किलोमीटरवर आहे. उन्हाळ्यात मूल ८०० मीटर चालेल. पावसाळ्यात त्याला पुलावरून जावे लागेल. पायथागोरसच्या प्रमेयाने हे अंतर सुमारे २ किलोमीटर १५० मीटर येते. सहा वर्षांचे मूल तासाला तीन किलोमीटर चालले, तर जायला पाऊण तास आणि यायला पाऊण तास. कागदावर मात्र ते वर्तुळाच्या आतच असते. वर्धा, धाम, बोर, यशोदा, वणा या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे हा प्रश्न पुस्तकी नाही. सेलू तालुक्यात बोरच्या जंगलालगत तर वाटेवर वाघाचीही दखल घ्यावी लागते. २०१४ पासून तेथे व्याघ्र प्रकल्प आहे.

साधने हलवावीत की मुले?

लहान शाळेच्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बारा मुले, चार-पाच वर्ग आणि एक किंवा दोन शिक्षक. एका वर्गात तीन मुले असतील तर गटकार्य कशाचे करायचे? एक शिक्षक रजेवर गेला की शाळाच अडते. प्रयोगसाहित्य, ग्रंथालय, खेळाचा संघ यांपैकी काही उभे राहत नाही.

कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, यावर 'शाळासंकुल' सुचवले. एक माध्यमिक शाळा, तिच्या परिसरातल्या तीन-चार वरिष्ठ प्राथमिक शाळा आणि दहा ते वीस कनिष्ठ प्राथमिक शाळा यांचा एक समूह. प्रयोगशाळा, पुस्तके, विशेष विषयांचे शिक्षक हे समूहाचे सामाईक धन. कोणतीही शाळा बंद करायची नव्हती. एकाकी शाळेला शेजार मिळवून द्यायचा होता. जिल्हा परिषदेने कारभार एकत्र आणला होता. संकुलाने अध्यापन एकत्र आणायचे होते.

महाराष्ट्रात १९९४ मध्ये केंद्रप्रमुखांची पदे निर्माण झाली आणि साधारण दहा शाळांमागे एक याप्रमाणे ४,८६० केंद्रे आखली गेली. संकुलाचा सांगाडा त्यातून तयार झाला. पण केंद्रप्रमुखाचा वेळ माहिती गोळा करण्यात आणि ती वर पाठवण्यात किती जातो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पुन्हा पाच ते दहा किलोमीटर टापूतील शाळासंकुल सुचवले, आणि ही सूचना मुळात कोठारी आयोगाची असून ती अमलात आली नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे.

दुसरा मार्ग म्हणजे शाळाच एकत्र करणे. याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. तिथे 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणजे शाळेसाठी कर बसवणारी आणि शाळा चालवणारी स्वतंत्र स्थानिक संस्था. पुष्कळदा एका खेड्याची एक शाळा आणि तिचा एक डिस्ट्रिक्ट. आपल्या जनपदाहूनही हा घटक कितीतरी लहान. १८६९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने मुलांच्या वाहतुकीवर सार्वजनिक पैसा खर्च करण्यास परवानगी दिली. आधी घोडागाड्या, मग मोटारी आल्या. १९३९-४० मध्ये देशात १,१७,१०८ डिस्ट्रिक्ट होते. १९९९-२००० मध्ये १४,९२८ उरले. १९२० च्या सुमारास जवळजवळ दोन लाख असलेल्या एकशिक्षकी शाळा १९७० पर्यंत दोन हजारांच्या घरात आल्या. तिथे कारभार आणि शाळा दोन्ही एकदमच एकत्र झाले, आणि ते शक्य झाले ते रस्ते व सरकारी खर्चाची बस यांमुळे.

फायदा झाला का? कॅन्सस राज्यातील माध्यमिक शाळांचा रॉजर बार्कर आणि पॉल गंप यांनी बारकाईने अभ्यास केला. 'बिग स्कूल, स्मॉल स्कूल' हे त्यांचे पुस्तक १९६४ मध्ये आले. मोठ्या शाळेत विषय आणि उपक्रम अधिक असतात हे त्यांना दिसले. पण नाटक, खेळ, सभा यांत प्रत्यक्ष जबाबदारीचे काम करणाऱ्या मुलांचे प्रमाण लहान शाळेत जास्त होते. लहान शाळेला प्रत्येक मुलाची गरज असते. मोठ्या शाळेत पुष्कळ मुले प्रेक्षक होतात. हा अभ्यास मोठ्या मुलांचा आहे, पहिली-दुसरीला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी मोठी शाळा म्हणजे आपोआप चांगली शाळा, हे गृहीत धरण्यापूर्वी तो वाचावा.

वीसचा पट

आता आपल्याकडे येऊ. १९३७ मध्ये चाळीस मुलांचा जो आकडा होता, तो आज वीसवर आला आहे. राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा २०२२-२३ च्या सुमारास १४,७८३ होत्या. त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक. म्हणजे शाळेमागे साडेबारा मुले, दोन शिक्षक आणि शिक्षकामागे सहा मुले. हिशेबनीसाला हा शेवटचा आकडा दिसतो. २०१७ च्या डिसेंबरमध्ये दहाहून कमी पटाच्या १,३१४ शाळांतील मुलांचे जवळच्या शाळांत समायोजन करण्याचा निर्णय झाला. २१ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाने 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागवले. नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुण्यातील पानशेत हे नमुने म्हणून पुढे ठेवले. पालक, शिक्षक व संघटनांनी त्याला मोठा विरोध केला.

पट का घटला? वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १२,३६,७३६ होती, २०११ मध्ये १३,००,७७४. दहा वर्षांत जेमतेम पाच टक्के वाढ. राज्याची वाढ सुमारे सोळा टक्के होती. मुलेच कमी जन्मतात, तरुण कुटुंबे नागपूर-पुण्याकडे जातात. दुसरीकडे, ज्यांना परवडते ते आपल्या मुलाला तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतात. एका अर्थाने या मुलांचे एकत्रीकरण पालकांनी आपल्या खर्चाने आधीच केले आहे. गावच्या शाळेत उरतात ती मुख्यतः शेतमजुरांची आणि अल्पभूधारकांची मुले. शाळा हलली तर चालावे लागेल ते त्यांना. एसटीचा मोफत प्रवास मुलींना मिळतो तो पाचवीपासून पुढे. पहिलीतल्या मुलीला कोणी एकटीने एसटीत बसवणारही नाही. शाळा दूर गेली की सगळ्यांत आधी कोणाचे नाव हजेरीपटावरून जाते, हे शिक्षकांना ठाऊक आहे.

वर्ध्याच्या या इतिहासातून आम्हांला एक गोष्ट स्पष्ट दिसते. कारभार एकत्र आणण्याचे काम आपण १९६२ मध्ये पुरे केले. वस्तीपर्यंत शाळा नेण्याचेही बरेच काम झाले. मधला टप्पा, म्हणजे शाळा आपल्या जागी ठेवून शिक्षक, साहित्य आणि अध्यापन एकत्र आणणे, हा १९६६ पासून कागदावरच राहिला. तो टप्पा ओलांडून थेट मुलांना हलवणे म्हणजे न केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष काढणे होय. काही ठिकाणी, जिथे दोनच मुले उरली आहेत आणि चांगली शाळा बारमाही रस्त्याने अर्ध्या किलोमीटरवर आहे, तिथे एकत्र येणे मुलांच्याच हिताचे असेल. पण ते ठिकाण कोणते, हे पटाचा आकडा सांगू शकत नाही.

ते सांगू शकेल असे एक काम शाळेतच करता येईल. चौथी-पाचवीच्या मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्यावा. शाळेभोवती एक किलोमीटरचे वर्तुळ काढावे. मग प्रत्येक वस्तीपासून मुले प्रत्यक्ष ज्या वाटेने येतात ती वाट पावलांनी मोजून नकाशावर घालावी. वीस पावलांची लांबी आधी टेपने मोजून घ्यावी. एक मोजणी मे महिन्यात आणि एक ऑगस्टमध्ये करावी. नाला, पूल, जंगल, मोठा रस्ता यांच्या खुणा कराव्यात. सरळ अंतर आणि चालण्याचे अंतर यांचा तक्ता तयार झाला की तो शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडून तिच्या ठरावासह नोंदवहीत ठेवावा. उद्या तुमच्या शाळेबद्दल वरून विचारणा आली, तर पटाच्या आकड्याशेजारी ठेवायला हा तक्ता तुमच्याजवळ असेल.